क्रीडामंत्री साहेब, डर्ट रेसिंगची संघटना आम्हा क्लबवाल्यांनाच बांधू द्या

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब नमस्कार. थेट मुद्द्यावर येतो. सातारा, कोल्हापूर, सांगली, पुणे, नाशिक भागातले आम्ही डर्ट बाईक रेसिंगचे, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकल पळवायच्या खेळाचे, काही क्लबवाले मिळून राज्याची संघटना काढतोय. अनुदानासाठी पत्र नाहीये. मागणं एवढंच की ही संघटना खालून, क्लबांमधून उभी राहू द्या, वरून कोणीतरी अध्यक्ष ठरवून मग त्याच्याखाली आम्हाला चिकटवू नका. तसं झालं की काय होतं ते कुस्तीत बघितलंय सगळ्यांनी, संघटनेचे दोन गट आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी, एक फुलगावला आणि एक धाराशिवला. पैलवानांनी काय करायचं?

आमच्याकडे तर अजून एकही संघटना नाही, म्हणून वेगळाच घोळ आहे. आता गावोगाव कुणाच्या तरी वाढदिवसानिमित्त भव्य डर्ट ट्रॅक स्पर्धा असते, जेसीबी लावून रातोरात उंचवटे काढतात, बक्षीस मोठं, डीजे मोठा, आणि अँब्युलन्स असली तर तिच्यात डॉक्टर नसतो. सगळ्यात वाईट म्हणजे पब्लिक नेमकं जंपच्या लँडिंगला उभं राहतं कारण रील तिथूनच भारी येते. पोरं साधं हेल्मेट घालून उड्या मारतात, छातीला गार्ड नाही, मानेला काही नाही, पिवळा झेंडा म्हणजे पुढे कोणीतरी पडलंय हे निम्म्यांना माहीत नसतं. एखादा जायबंदी झाला की सगळ्याच रेस बंद करा म्हणून ओरड सुरू, आणि त्यात नीट रेस घेणारे पण भरडले जातात.

परमिशनचं सांगू का? मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे, सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागेत रेस लावली तर गुन्हा. बरोबरच आहे. पण आमची रेस कुणाच्या तरी शेतात, गाड्यांना नंबर प्लेट नाही, टेम्पोत घालून आणलेल्या. मग परवानगी द्यायची कोणी? एका ऑफिसात म्हणाले पोलिसांकडे जा, पोलीस म्हणाले तहसीलला जा, तिथे विचारलं की तुमची राज्य संघटना कोणती, तिचं पत्र आणा. घ्या! बैलगाडा शर्यतीला आज जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, नियमावली आहे, सगळं कागदावर आहे. मग मोटरसायकलला का नाही?

देशपातळीवर एफएमएससीआय (फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया) आहे आणि आम्हाला तिच्याशी भांडायचं नाही, मोटरसायकल खेळाची जागतिक संघटना एफआयएम एका देशात एकाच फेडरेशनला मानते त्यामुळे तो विषयच नाही. उलट ती फेडरेशन पण १९७१ मध्ये क्लबांनीच एकत्र येऊन काढली, नावातच क्लब आहे. नॅशनल सुपरक्रॉसचे (उंचवट्यांवरून उड्या मारायची मातीतली रेस) राउंड पुण्यात नाशकात झालेत, २०२४ च्या जानेवारीत सुपरक्रॉस लीगची पहिली रेस बालेवाडीत झाली, स्टेडियमात माती आणून ट्रॅक केला होता. पण फेडरेशनचं चेन्नईचं ऑफिस आणि कराडचा पोरगा यांच्यामध्ये कोणीच नाही. रेसिंगचं लायसन्स कसं काढायचं, कुठली रेस अधिकृत, हे त्याला सांगणारं राज्यात कोणी पाहिजे ना. (आणि केटीएम या ऑस्ट्रियाच्या कंपनीच्या ड्यूक बाईक चाकणला बनतात, आता कंपनीचा ताबा पण बजाजकडे आलाय, पण इथल्या पोराला प्रॅक्टिसला कायमचा ट्रॅक शोधत फिरायला लागतं. असो.)

आता आमचं कुठे अडलंय तेही सांगतो, उगाच सगळं गोड नाही. पहिलं भांडण झालं ते क्लब कशाला म्हणायचं यावर. टी-शर्ट छापला आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला की झाला क्लब, असे खूप आहेत, मतदान आलं की अजून उगवतील. शेवटी ठरलं की ज्याने स्वतः रेस घेतलीय, मार्शल (ट्रॅकवर झेंडे दाखवणारी, पडलेल्याला सांभाळणारी माणसं) उभे केलेत, डॉक्टर आणलाय, त्यालाच मत, आणि मोठा असो छोटा असो एका क्लबला एकच मत. दुसरं भांडण तारखांचं. दिवाळीनंतर प्रत्येकाला तोच रविवार पाहिजे, मग रायडर फुटतात, दोन्हीकडे क्लास (स्पर्धेचे गट) भरत नाहीत, दोघं पण तोट्यात. त्यासाठी एकच कॅलेंडर करायचंय, पावसाळ्यातच बसून. क्लासचं पण तसंच, एकाकडे नोव्हिस, म्हणजे नवशिका, म्हणून जिंकलेला दुसरीकडे परत नोव्हिसच, त्याची नोंद ठेवणार कोण? पैशाचं मात्र लवकर मिटलं, प्रत्येक एंट्री फीमधला थोडा हिस्सा संघटनेला, त्यातून विमा आणि मार्शलचं ट्रेनिंग.

नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे करणार, त्याला सात माणसं लागतात, ती आहेत. पण नुसतं सर्टिफिकेट काढून काही होत नाही, सात माणसं तर उद्या दुसरा पण जमवेल. म्हणून म्हणतो साहेब, मान्यता देताना एवढं बघा की संघटनेत खरंच रेस घेणारे क्लब किती आहेत आणि चालू रायडर कार्यकारिणीत आहेत का. केंद्राच्या २०२५ च्या क्रीडा प्रशासन कायद्यात राष्ट्रीय संघटनांच्या कार्यकारिणीत खेळाडूंना जागा आणि किमान चार महिला ठेवल्यात, आम्ही ते आधीच आमच्या संघटनेच्या घटनेत (नियमावलीत) घातलंय. आपल्या देशाची रायडर ऐश्वर्या पिस्से २०१९ मध्ये बाहा (लांब पल्ल्याची खडबडीत रस्त्यांवरची रॅली) वर्ल्ड कपचा महिला गट जिंकून आली, आपल्याकडे पण मुली चालवतात, फक्त त्यांच्यासाठी वेगळा क्लास कोणी लावत नाही.

आणि एक पत्रक काढा सगळ्या जिल्हाधिकाऱ्यांना, की खाजगी जागेत डर्ट रेस घ्यायची तर कुठे अर्ज करायचा, त्यासोबत ट्रॅकची तपासणी, डॉक्टर आणि विम्याचा कागद लागेल. तपासणी आमची माणसं करतील, आणि आमच्याच क्लबचा ट्रॅक बरोबर नसेल तर त्याला पण नाही म्हणायचं हे घटनेत लिहिलंय, त्यावर दोन क्लब चिडून बाहेर पण गेले, गेले तर गेले.

घटनेचा मसुदा मराठीत टाईप करून तयार आहे. पाऊस संपला की सीझन चालू होतो, त्याआधी भेटीची वेळ द्या, आम्ही चार-पाच जण मुंबईला येतो. त्यात दोन चालू रायडर असतील, तुमच्या अधिकाऱ्यांना काय विचारायचं ते त्यांनाच विचारू द्या.

आपला,
एक क्लबवाला, सातारा जिल्हा