लेबलं अजून कापलेली नाहीत

प्रिय मित्रा,

चार महिने तुला ना पत्र, ना फोन. रागावला असशील तर ते रास्तच आहे. पण परवा सायकलने डोंगरावर गेलो तेव्हा जे झालं ते घरात कुणाला पटवता येईना. "एवढी थंडी होती तर गेलास कशाला?" इथेच सगळ्यांचं संपतं. तब्येत बरी आहे, खोकला गेला.

ती जाड वॉटरप्रूफ पँट घालून चढ चढलो. तीच, जिच्यावरून आपला दोन दिवस अबोला होता. "पाऊस नसताना रेनकोट घालून कोण चढतं?" असं तू म्हणाला होतास. वर पोहोचेपर्यंत छान ऊब होती. पंक्चर काढायला थांबलो, मग उतार सुरू केला आणि पाचव्या वळणाला गुडघे बधिर! पेडलवर उभं राहवेना. शेवटी सायकल हातात धरून चालत उतरलो. घरी पँट उलटी केली तर मांड्यांपाशी थेंबच थेंब, तपेल्यावरच्या झाकणाला आतून धरतात तसे. बाहेरून मात्र कोरडी ठणठणीत.

त्या कापडातून वाफ बाहेर जाते हे खरं, पण चढावर घाम त्याहून भराभर येतो. आणि पाणी अंगातली उष्णता हवेच्या जवळजवळ 25 पट वेगाने ओढून नेतं. त्यात वारा. तापमान 0 अंश असलं तरी ताशी 20 किलोमीटरने उतरताना उघड्या कातडीला उणे 5 सारखं लागतं. गुडघ्यांवर ना मांस ना चरबी, आणि वाऱ्याला सगळ्यात पुढे तेच. तुझंच बरोबर होतं रे.

आता दोन नव्या पँट पलंगावर पडल्यात आणि माझा निर्णय होत नाही. पहिली सॉफ्टशेल, म्हणजे मऊ कापडाची: पुढून वारा अडवणारी, गुडघ्यामागे पातळ. आत पॅडची चड्डी आणि मेरिनो लोकरीची पातळ लेगिंग घातली की झालं, लोकर ओली झाली तरी ऊब धरते. पण मागच्या चाकाचा चिखल थेट बुडावर उडतो, तिथे ही भिजणारच. दुसरी हलकी वॉटरप्रूफ, मांडीवर हवेसाठी चेन. चढताना ती उघडायची. पण सीटवर बसून पेडल वर आणलं की कंबर मागून खाली सरकते, पाठ उघडी. आरशासमोर उभं राहून हे कळलंच नसतं.

पहिलीत नी-पॅड घातले की गुडघा वाकताना ओढ बसते. एक साइज मोठी घ्यावी तर घोटा ढिला, आणि ढिला घोटा म्हणजे काय ते तुला सांगायला नको! तुझ्या पँटचा उजवा पाय सायकलच्या चेनने खाल्ला, तू तो चाकूने कापलास आणि एक पाय फुल, एक हाफ असा घरी आलास. वहिनी अजून हसतात का?

नवी नोकरी कशी आहे? आईंच्या डोळ्यांचं नीट झालं असेल. धाकटीला पापा.

माझा कल पहिलीकडे आहे, मोठ्या साइजमध्ये, घोट्याला पट्टा लावून. तू चिखलात माझ्यापेक्षा जास्त हिंडलायस, म्हणून तुझ्याकडून ऐकायचंय. शनिवारी एक परत करायची आहे, त्याआधी कळव.

तुझाच