नुसते ‘४ जीबी ग्राफिक कार्ड’ लिहून भागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीचे निकाल लागले की सांगली-मिरजेत असेंबल्ड कॉम्प्युटरची चौकशी वाढते. मुलाला इंजिनिअरिंगसाठी मशीन हवे असते आणि त्यावर गेमही चालायला हवे असतात. अशा वेळी हातात पडणाऱ्या अनेक कोटेशनवर प्रोसेसरचा मॉडेल नंबर असतो, ग्राफिक कार्डापुढे (पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग) मात्र नुसते ‘४ जीबी’, म्हणजे फक्त मेमरी किती ते. कार्डाचे पूर्ण नाव, मेमरीचा प्रकार, बस (मेमरीतला डेटा ये-जा करण्याची वाट) किती बिटची आणि पॉवर सप्लायचे (मशीनला वीज पुरवणारा भाग) मॉडेल या चार गोष्टी कोटेशनवर व बिलावर आल्याच पाहिजेत. गिऱ्हाइकानेही त्या लिहून घेतल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नये.

विहिरीला पाणी कितीही असो, मोटार किती इंची पाइपने ते उचलते यावर ऊस भिजतो. कार्डाचेही तसेच आहे. जीटी ७३० हे ४ जीबीचे, डीडीआर३ मेमरीचे, ६४ बिटचे कार्ड सेकंदाला साधारण १४ जीबी डेटा हलवते. जीटीएक्स १६५० हेही ४ जीबीचेच, पण जीडीडीआर५ आणि १२८ बिटमुळे ते १२८ जीबी हलवते. फरक जवळपास नऊपट, आणि कोटेशनवर दोन्हींपुढे अक्षरे तीच! कधी तर पूर्ण नावही पुरत नाही. जीटी १०३० जीडीडीआर५ मेमरीत ४८ जीबीचा वेग देते, डीडीआर४ मेमरीत १७ सुद्धा नाही. आरटीएक्स ३०६० चे १२ जीबी कार्ड १९२ बिटचे आहे, ८ जीबीचे १२८ बिटचे. म्हणून मेमरीचा प्रकार आणि बिट लिहून घ्यायचे.

बजेट कमी असेल तर जीटी ७३० वर पैसे घालण्यापेक्षा रायझन ५ ५६००जी सारखा अंगचे ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेणे शहाणपणाचे. मात्र त्याला १६ जीबीची एक रॅम न लावता ८-८ जीबीच्या दोन लावाव्यात. ३२०० स्पीडच्या एका रॅममधून सेकंदाला २५.६ जीबी वेग मिळतो, दोन वेगवेगळ्या चॅनेलमध्ये (प्रोसेसरकडे जाणाऱ्या वाटा) बसवल्या की ५१.२. अंगच्या ग्राफिक्सला हीच मेमरी वापरावी लागत असल्याने गेममध्ये फरक लगेच दिसतो. चार स्लॉटच्या बोर्डावर सहसा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा. शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये दोन्ही खुपसल्या तर बहुतेक बोर्डांवर चॅनेल एकच राहतो आणि दुसऱ्या रॅममुळे वेग दुप्पट होत नाही.

जुन्या मशीनमध्ये नवे कार्ड टाकणाऱ्यांनी आरएक्स ६५०० एक्सटी जपून घ्यावे. त्याचे बोर्डाशी कनेक्शन फक्त चार लेनचे (डेटा ये-जा करण्याच्या वाटा) आहे. तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस (कार्ड बसवण्याचा स्लॉट) बोर्डावर त्या चार लेनचा वेगही निम्मा होतो, मग ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो.

सर्वांत जास्त नुकसान होते ते पॉवर सप्लायमध्ये. डब्यावर ठळक ‘४५० वॅट’ छापलेले असते. ते वाचू नका, बाजूच्या स्टिकरवरची १२ व्होल्टची ओळ शोधा. तिथे १८ ॲम्पिअर लिहिले असेल तर १८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॅट, कार्ड आणि प्रोसेसरला मिळून एवढेच. आरटीएक्स ३०६० एकटेच १७० वॅट घेते. अशा मशीनवर डेस्कटॉप दिवसभर सुरळीत चालतो आणि गेम सुरू होऊन जरा भार वाढला की मशीन फटकन बंद पडते. मग कार्डाला दोष दिला जातो. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, सहा पिनच्या वायरीतून आणखी ७५, आठ पिनच्या वायरीतून १५०. पॉवर सप्लायला आठ पिनची वायरच नसेल तर साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) कनेक्टरवरून जोड काढून देतात, तो कधीही मान्य करू नये. त्या कनेक्टरच्या १२ व्होल्टच्या पिना ५४ वॅटपुरत्याच असतात. त्या तापतात, प्लास्टिक वितळते.

लाइट गेल्यावर मशीन रिस्टार्ट होत असेल तर घरचा इन्व्हर्टरही तपासावा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरशी ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट खेचण्याचे सर्किट) असलेल्या काही पॉवर सप्लायचे जमत नाही. शिवाय ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, तो गेम सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरता समजावा.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. पुढून काचेने बंद केलेली, रंगीत दिव्यांची कॅबिनेट दिसायला छान असतात, पण जाळीचा पुढा असलेले साधे कॅबिनेट कार्डाला जास्त जगवते. दर दोन-तीन महिन्यांनी धूळ काढावी. मशीन बंद, पिन काढलेली, आणि ब्लोअर मारताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवलेला. मोकळा सोडला तर तो हवेने भलत्याच वेगाने फिरतो आणि बेअरिंग खराब होते.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाचे ग्राफिक कार्डांवर चालणारे मायनिंग बंद झाल्यावर वापरलेली कार्डे बाजारात खूप आली. त्यांतली सगळीच वाईट नाहीत. विकत घेण्याआधी जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम चालवावा. बायोस (कार्डातला मूळ प्रोग्रॅम) बदलून नाव वाढवलेली बरीच बनावट कार्डे तो ओळखतो. आरएक्स ५८० म्हणून दाखवलेल्या कार्डावर शेडर (हिशेब करणारे छोटे घटक) पूर्ण २३०४ आहेत की कमी, २०४८, तेही तिथेच दिसते. मग वीस मिनिटे भार देऊन कार्डाचे तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरच्या सर्वांत तापलेल्या जागेचे तापमान) पाहावा. दोन्हींत तीस अंशांहून जास्त अंतर पडले तर बहुधा थर्मल पेस्ट (चिप आणि कूलरमधला उष्णता नेणारा लेप) वाळली आहे किंवा कूलर नीट बसलेला नाही.

मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता कार्डालाच लावावी. १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर घेतला असेल तर विंडोजमध्ये जाऊन तो आकडा निवडावा, नाहीतर तो ६० वरच चालत राहतो.

‘गेमिंग’ शब्द ऐकताच पालकांना जुगाराची धास्ती वाटते, ती समजण्यासारखी आहे. पण केंद्राच्या २०२५ च्या कायद्यानेही पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ आणि ई-स्पोर्ट्स (व्हिडिओ गेमच्या स्पर्धा) वेगळे काढले आहेत. ज्या कार्डावर मुलगा गेम खेळतो, त्याच कार्डावर तो ब्लेंडर हा थ्रीडी चित्रांचा प्रोग्रॅम आणि व्हिडिओ एडिटिंगही शिकू शकतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. सांगलीतील संगणक विक्रेत्यांनी एकत्र बसून कोटेशनचा एक नमुना ठरवावा, ही विनंती. त्यात कार्डाच्या सिरियल नंबरसाठीही एक रकाना हवा. वॉरंटीच्या वेळी डब्यावरचा, कार्डावरचा आणि बिलावरचा नंबर जुळला की वाद उरत नाही.

कळावे,
एक संगणकप्रेमी वाचक,
विश्रामबाग, सांगली