आबांचा ट्रॅक्टर नेमका कोणता, कोणत्या सालचा

परभणी

प्रिय ज्ञानोबा,

सप्रेम नमस्कार. तू पाठवलेले फोटो मोठे करून नीट पाहिले. घरात सगळे ‘इंटरनॅशनल’ म्हणतात आणि बॉनेटवर पट्टी महिंद्राची, म्हणून तू घोळात पडलास. पण दोन्ही खरं असू शकतं. इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया १९६३ साली मुंबईत निघाली, ती महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर या तिघांची. बी-२७५ हा तिचाच ट्रॅक्टर. १९७७ साली ती महिंद्रात विलीन झाली. म्हणून कंपनीच्या पितळी-ॲल्युमिनियमच्या पट्टीवर कोणाचं नाव आहे, हे मला सगळ्यात आधी हवंय. जुन्या कंपनीचं असेल तर ट्रॅक्टर बहुतेक १९७७ च्या आसपासचा किंवा त्याआधीचा.

बॉनेटवर मात्र विसंबू नको. बॉनेट, मडगार्ड, लाइट, स्टिकर हे सगळं सुटं सामान. एका रंगकामात ट्रॅक्टरचं नाव बदलतं. त्यापेक्षा नोझल पाईप मोज. डिझेल पंपातून हेडकडं जाणाऱ्या बारीक पोलादी नळ्या तुझ्या फोटोत चार दिसतात. मॅसी १०३५ ला तीन असतात, एचएमटी झेटर २५११ ला दोनच. ते दोन्ही बाद झाले. चार सिलिंडर, पुढचे आठ गिअर आणि मागचे दोन जुळले तर तो बी-२७५ असू शकतो, पण तेवढ्यावर पक्कं नाही.

इथं एक फसगत होते. आजचा महिंद्रा २७५ डीआय तीन सिलिंडरचा आहे. दुकानात नुसतं ‘२७५’ म्हणालास तर तीन भोकांचं हेड गॅसकेट हातात येईल. मूळ बी-२७५ चं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं नव्हतं, त्याला थंडीत चालू करायला हीटर प्लग लागायचे. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ३⅜ इंच (साधारण ८५.७ मिमी), आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, ४ इंच. मिस्त्रीकडून बोअर मोजून घे, कारण इतक्या वर्षांत तो बहुतेक वाढवलेला असणार आणि पिस्टन-रिंग त्या मापाचेच लागतील.

आता नंबर. चेसिस नंबरची पट्टी स्टिअरिंगखालच्या डॅशवर आणि क्लच हाउसिंगच्या दोन्ही बाजूंना शोध. इंजिन नंबर ब्लॉकच्या बाजूला, घासून सपाट केलेल्या जागेवर ठोकलेला असतो. ग्राइंडर किंवा एमरी पेपर अजिबात लावू नको, ठोकलेले आकडे उथळ असतात, एका फिरकीत पुसले जातात. रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं तासभर ठेव, मऊ ब्रशनं चिखल-ग्रीस काढ, वर खडू घास. अंधार पडल्यावर टॉर्च आडवा धरून फोटो काढ, सावलीमुळं ३, ६ आणि ८ वेगळे ओळखू येतात. शिवाय पातळ कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा घे, आरटीओतही तोच लागतो.

लोखंडावर दोन तऱ्हेचे आकडे असतात. ओतकामातले उठावाचे आकडे बहुतेक त्या भागाचे नंबर असतात. त्यांत १९७० सारखं काही दिसलं म्हणून साल समजू नको. आत ठोकलेले आकडे तेवढे त्या मशीनचे. आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळला नाही तर घाबरू नको. इंजिन किंवा ब्लॉक मधे कधीतरी बदललेला असतो. वय ठरवायचं ते चेसिसवरून. टायरवरचं साल टायरचंच.

कागदांत एक जागा लोक हमखास विसरतात: सातबारा. ट्रॅक्टर कर्जावर घेतला असेल तर ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा चढलेला असतो. आता तो कमी झाला असेल, म्हणून हस्तलिखित जुना सातबारा तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढ. त्यावरचा फेरफार क्रमांक घेऊन गाव नमुना ६ बघ, तिथं तारीख सापडते. तुमचा तालुका वसमत, आणि हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्याआधीचे बँकेचे आणि आरटीओचे कागद परभणीत शोधावे लागतील. आबांनी ट्रॅक्टर जुना विकत घेतला असेल तर बोज्याची तारीख कामाची नाही, ती फक्त तुमच्या घरी आल्याची.

नंबर प्लेटवरही तसंच. हिंगोलीचा एमएच-३८ असेल तर ती नंतर बदललेली नोंद. जुन्या आरसीवर तीन अक्षरांचा नंबर असेल तर नोंदणी जुलै १९८९ च्या आधीची, कारण एमएचची पद्धत तेव्हा सुरू झाली. आरसीवर निर्मितीचा महिना-साल आणि नोंदणीची तारीख वेगळी असते, दोन्ही लिहून घे.

हे सगळं आत्ताच कर. आबांच्या नावावरून वारस म्हणून तुझ्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो आणि नोंदणीचं १५ वर्षांपुढचं नूतनीकरण फॉर्म २५ वर, दर पाच वर्षांनी. चेसिस नंबर चुकीचा गेला तर दोन्ही अर्ज अडकतील.

पट्टीचा फोटो, दोन्ही ठसे आणि बोअरचं माप एवढं पाठव. वाट बघतोय.

तुझा,
बालाजी