आधी भिंती कोरड्या करा, मग संग्रहालय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या कचेरीच्या इमारतीत संग्रहालय होणार, ही बातमी कालच्या अंकात वाचली. संग्रहालय व्हायलाच हवे. पण अंदाजपत्रकातले ‘आतून-बाहेरून सिमेंट गिलावा, वर प्लास्टिक पेंट’ हे वाचून राहवले नाही.

कचेरीच्या भिंती जांभ्याच्या, म्हणजे कोकणातल्या तांबड्या सच्छिद्र दगडाच्या. जांभा पाणी पितो आणि सोडतोही. पावसाळ्यात चिऱ्यात, म्हणजे जांभ्याच्या घडीव ठोकळ्यात, मुरलेले पाणी दिवाळीनंतर हळूहळू बाहेर पडते. चुन्याचा गिलावा त्याला वाट देतो. सिमेंटने ती वाट बुजते. ओल वर चढते, क्षार गिलाव्यामागे साठतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे गळू लागतात. त्याहून वाईट म्हणजे सिमेंट धरावे म्हणून चिरे छिन्नीने टोचतात. खाणीतून मऊ निघालेला जांभा हवा लागून वरून कडक होतो. ती साल फोडली की आतला भुसभुशीत चिरा उघडा पडतो.

एका जुन्या शाळेच्या इमारतीचे असेच केले. भिंतीला टेकवलेल्या काचेच्या कपाटामागे हात घातला की बोटांना पांढरी पूड लागते. आतल्या मोडी कागदांवर बुरशीचे काळे ठिपके. टिकावेत म्हणून ते लॅमिनेट केले, आता कागद फाडल्याशिवाय प्लास्टिक निघत नाही. हे कचेरीच्या दप्तराचे होऊ देऊ नका.

क्रम असा हवा. आधी कौले उतरवून वासे-रीप तपासा, वाळवीने खाल्लेले बदला, पन्हळी मोकळ्या करा. जोत्याला भिडवलेले पेव्हर ब्लॉक काढा आणि पाणी दूर नेणारे गटार करा. मग गिलावा: महिनाभर पाण्याखाली मुरवलेला चुना एक भाग, चाळलेली नदीची वाळू तीन भाग. खाडीची वाळू अजिबात नको, तिच्यातले मीठच भिंत खाते. एका वेळी १० ते १२ मिमी थर, ओल्या गोणपाटाखाली. काम भिंती सुकल्यावर, नोव्हेंबरनंतर सुरू व्हावे. मार्चअखेरची घाई आणि मे महिन्यातला गिलावा म्हणजे चुना पुरता धरायच्या आत पाऊस.

एसीचेही तसेच. दहा ते पाच चालवून रात्री बंद केला, तर रोज गार झालेल्या वस्तूंवर दमट हवेचे पाणी धरते. त्यापेक्षा अस्सल कागद आम्लरहित पेट्यांत ठेवून दर्शनी प्रती मांडा. कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा. सिलिका जेलचे निळे मणी गुलाबी झाले की वाळवायला माणूस नेमा. नुसत्या पुड्या टाकून भागत नाही.

जाता जाता: बातमीत भिंती ‘लाल विटांच्या’ म्हटल्या आहेत. कोकणातल्या वर्तमानपत्राने चिऱ्याला वीट म्हणू नये. दुरुस्ती छापावी.

निविदा अजून उघडलेली नाही. गिलाव्याची ती एक ओळ आत्ताच बदलता येईल.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी