सूचना: ‘थकीत बिल’वाल्या मेलबाबत

सभासदांनो, गेल्या आठवड्यात आपल्यापैकी दोघांना ‘थकीत बिल’ अशा विषयाचा मेल आला. सोबतच्या फाइलचं खरं नाव नीट वाचा: बिल.पीडीएफ.ईएक्सई. शेवटचा तुकडा विंडोज सहसा लपवून ठेवतं, त्यामुळे दिसतं फक्त ‘बिल.पीडीएफ’ आणि आपण डबल-क्लिक करून मोकळे. ती पीडीएफ नाहीच, प्रोग्राम आहे. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करून ठेवा.

अपडेट उद्यावर ढकलू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने) विंडोजमधल्या एका त्रुटीतून शिरून सुमारे १५० देशांतले संगणक अडकवले. त्या त्रुटीवरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. (मीही ‘नंतर आठवण करा’ दाबणाऱ्यांतलाच, म्हणून सांगतोय.)

बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि काम झालं की डिस्क काढून ठेवा. लावलेली राहिली तर रॅन्समवेअर तिच्यावरच्या फाइलीही कुलूपबंद करू शकतं. पासवर्ड प्रत्येक ठिकाणी वेगळा. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, अगदी मी मागितला तरी.

चुकून क्लिक झालंच तर आधी इंटरनेट तोडा, मग फोनवरून ग्रुपवर कळवा. लाजू नका, आणि लगेच कळवा.