सुध्या, आधी बुशशर्ट बघ

नागपूर,
९ जून २०२४

प्रिय सुध्या,

तुझं रिव्हॉल्व्हरचं लायसन्स आलं हे ऐकून बरं वाटलं. फोनवर तू विचारलंस, "कपड्यात झाकून ठेवायला कोणतं घेऊ?" आणि मी सांगायला लागलो की तू मधेच "हो हो" करत पेट्रोल पंपावरच्या पोरांवर ओरडतोस. म्हणून लिहायला बसलो. दुपारचे तीन वाजलेत, कूलर घरघरतोय, बाहेर कुत्रंही नाही. मृग लागला म्हणतात कॅलेंडरात. उकाड्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

माझं रिव्हॉल्व्हर परवाच ठाण्यातून परत आणलं. निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा होतं, त्यामुळे यंदाचा अख्खा मे महिना कंबर मोकळी होती. खरं सांगू? सुख वाटलं बाप्पा. एकोणीस वर्षांत त्याला एकदाही बाहेर काढायची पाळी आली नाही, पण दर उन्हाळ्यात त्याने माझी कंबर सोलली आहे. तू विचारतोस ते नेमकं याचंच, म्हणून कंबरेपासूनच सुरू करतो.

तू पाठवलेला तो अमेरिकेचा व्हिडिओ पाहिला. त्यातलं ते चिमुकलं पाच गोळ्यांचं स्मिथ अँड वेसन, सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास, घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा खटका, आतल्या आत झाकलेला, म्हणजे कपड्यात अडकायला काही बाहेर नाहीच. वस्तू झकास आहे, पण ते .३८ बोअरचं, बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप. आपल्याकडे .३८ आणि ९ मिमी प्रतिबंधित बोअर, तुझ्यामाझ्या लायसन्सवर मिळत नाही. आपल्या वाट्याला .३२. तेव्हा तो व्हिडिओ पुसून टाक, उगाच जीव जळतो.

मग उरतं काय? एक, सरकारी कारखान्याचं जुनं वाकणारं मॉडेल, तुझ्या बाबांकडे होतं तसं. वरची खिट्टी दाबून नळी खाली वाकवली की काडतुसांच्या सहाही पुंगळ्या एकदम वर येतात. वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. दोन, २०१४ साली कानपूरच्या कारखान्याने काढलेलं निर्भीक. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, पाचशे ग्रॅम. बायकांसाठी म्हणून काढलं आणि दागिन्याच्या डबीसारख्या पेटीत दिलं, म्हणून चारचौघांत पुरुष मंडळी नाव काढत नाहीत. आणि तीन, गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आलेलं प्रबळ, ज्याचा फोटो तू मला चारदा पाठवलास. त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं, नळी ७६ मिलिमीटर, वजन ६७५ ग्रॅम, तेही काडतुसांशिवाय. काडतुसांचे पन्नास-साठ ग्रॅम वर धर.

आता तुझा सगळा जीव अडकलाय नळी किती आखूड यात. सगळ्यांचाच अडकतो, माझाही अडकला होता. पण गड्या, नळी पँटच्या आत जाते. ती कोणाला दिसते? दिसते ती मूठ. पट्ट्याच्या वर राहते ती मूठ, आणि तू पंपाच्या टेबलावरची पावती उचलायला वाकलास की शर्टाला पाठीमागून खुंटीसारखी वर उचलते तीही मूठच. दुकानात गेलास की नळीला टेप लावू नको, मूठ हातात धर. करंगळीला जागा राहते का बघ. करंगळी खाली लोंबकळत असली तर मूठ लपायला चांगली, नेम धरायला वाईट. तुझा पंजा कुदळीएवढा, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो. दुसरी जाडी सिलिंडरची. तिला इलाज नाही, सहा गोळ्यांचं चाक म्हटलं की ते फुगणारच. पिस्तूल यापेक्षा चपटं बसतं हे कबूल. तरी तुझ्यासाठी रिव्हॉल्व्हरच बरं. एखादी गोळी फुसकी निघाली तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचा खाना आपोआप समोर येतो. तुझा धांदरट स्वभाव मला दहावीपासून ठाऊक आहे.

पण या सगळ्याच्या आधी बुशशर्ट. हसू नको.

२०१६ च्या शस्त्र नियमांत साफ लिहिलंय की सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर-पिस्तुलासारखं छोटं शस्त्र न्यायचं तर अंगावरच्या होल्स्टरमध्ये, म्हणजे त्याच्या म्यानात, किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं, आणि आपल्या ताब्यात राहील असं. म्हणजे झाकणं ही हौस नव्हे, अट आहे. उघडं मिरवलंस तर लायसन्सवर गदा. थंडीच्या देशात याचं कोणाला काही वाटत नसेल, वरून कोट घातला की झालं. आपल्याकडे मेच्या तेवीस तारखेला, २०१३ साली, तापमान ४७.९ झालं होतं. या ३० मेला तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवलं. मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. शेजारचे काका म्हणाले, "सेन्सर नाही बिघडला, तो खरं बोलला." अशा उन्हात अंगावर दुसरा कपडा कोण चढवणार? जो काय एक शर्ट आहे त्यातच भागवायचं.

कुर्ता तुला आवडतो, मला माहीत आहे. लांब असतो, वाटतं आत हत्ती लपेल. चूक. कुर्त्याला दोन्ही बाजूंनी चीर असते, नेमकी जिथे रिव्हॉल्व्हर बसतं तिथे. स्कूटरवर बसलास की वाऱ्याने पडदा उघडतो. शिवाय खाली नाडीचा पायजमा, नाडीला पाऊण किलो लोखंड टांगून बघ एकदा. पांढरा तलम शर्टही बाद, घामाने चिकटला की रेघ न् रेघ उमटते. मी धरमपेठेतल्या माझ्या शिंप्याकडून जाड सुती चौकटीचे अर्ध्या बाह्यांचे बुशशर्ट शिवून घेतो, एक माप मोठे, घेर सरळ, लांबी नेहमीपेक्षा दोन इंच जास्त. चौकटीत उंचवटा हरवतो. आत बनियन हवंच, ते होल्स्टर आणि कातडीच्या मधे राहतं. शिंप्याने पहिल्यांदा विचारलं होतं, "भाऊ, वजन वाढवायचा विचार आहे का?"

माझी फजिती तुला कधी सांगितली नाही. सिव्हिल लाइन्सच्या लॉनवर लग्न, मे महिना, संध्याकाळ असूनही भट्टी. मी नवीन तलम शर्ट घातलेला, बायकोने घ्यायला लावलेला. अक्षता टाकल्या, आहेर दिला, सगळं ठीक. मग नवरीच्या आजी दिसल्या आणि मी सवयीने वाकून नमस्कार केला. शर्ट वर सरकला आणि मूठ बाहेर. आजींच्या मागे खुर्चीवर एक सात-आठ वर्षांचा पोरगा बसला होता. तो आईस्क्रीमचा चमचा तोंडात तसाच धरून म्हणाला, "आजी, या काकांकडे बंदूक आहे." आजींना ऐकू कमी येतं हे माझं नशीब. पण त्याच्या आईला चांगलं येत होतं. तिने पोराला ओढून ज्या नजरेने माझ्याकडे बघितलं ना, मी जेवण न करता निघालो. तेव्हापासून लग्नकार्यात रिव्हॉल्व्हर घरच्या तिजोरीत. लग्नात तसंही त्याचं काय काम? हवेत बार काढणारे शहाणे असतात काही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

खिशात ठेवू का, असंही तू विचारलंस. ठेवता येतं, पण खिशाच्या मापाचं, चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर हवं आणि त्या खिशात दुसरं काहीही नको. किल्ली नको, सुटे नकोत, ऊन लागू नये म्हणून तू ठेवतोस तो कांदाही नको. आणि तू दिवसभर खिशात हात घालून सुटे देणारा माणूस. नकोच. पट्ट्याच्या आत, उजव्या कुल्ल्याच्या जरा मागे, तीच जागा. गाडीत बसलास की टोचेल, आठ दिवसांत सवय होते. पट्टा मात्र जाड घे, दुहेरी चामड्याचा. मऊ पट्ट्यावर रिव्हॉल्व्हर बाहेर कलतं आणि मग कोणताही शर्ट पुरत नाही. एवढे पैसे घालून शस्त्र घेतात आणि पट्टा फुटपाथवरचा, असे कितीतरी पाहिलेत मी.

आता घाम. हे नीट वाच, कारण दुकानात कोणी सांगत नाही. मला तरी सांगितलं नव्हतं. २००६ चा माझा पहिला उन्हाळा. मी मोठ्या प्रेमाने चामड्याचं होल्स्टर घेतलेलं, रात्री रिव्हॉल्व्हर त्यातच घालून कपाटात. कपाट कोणत्या खोलीत? जिथे कूलर चालतो त्या. दिवसा माझा घाम, रात्री कूलरची ओल. जूनमध्ये साफ करायला काढलं तर मुठीच्या वरच्या बाजूला, जिथे ते माझ्या अंगाला लागतं तिथे, अंगठ्याच्या ठशाएवढा तांबूस डाग. नखाने खरवडला, गेला नाही. काडतुसं बाहेर काढली तर दोन पुंगळ्यांवर हिरवट पूड, पितळी गडूवर चढते तशी. होल्स्टरच्या आतून मिठाची पांढरी रेघ उमटलेली, नकाशातल्या नदीसारखी. तेलाच्या चिंधीने आठवडाभर घासलं, डाग फिका झाला, गेला नाही. आल्यावर दाखवतो.

म्हणून आता घरी आलो की आधी काडतुसं काढतो, मोजतो, मग कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात. तेलाचा हात म्हणजे हातच, अभ्यंग नाही. काडतुसाच्या बुडाच्या टोपीत तेल उतरलं तर ती फुसकी होते. रात्री चामड्यात ठेवत नाही, कूलरच्या खोलीत तर नाहीच. गाडीत एक मिनिटही नाही. आणि अंगावरची काडतुसं वर्षातून एकदा नेमबाजीच्या रेंजवर उडवून नवी भरतो.

याच घामापायी मी तुला निर्भीक बघ म्हणतो. टायटॅनियमला गंजाचं भय नाही, आणि पावणेदोनशे ग्रॅमचा फरक सकाळी दुकानात कळत नाही. कोंढाळीच्या पंपावर दुपारी तीनला, उन्हात टँकर उतरवून घेताना कळतो. हलक्या शस्त्राचा झटका जास्त बसतो हे खरं, पण .३२ चा झटका तो केवढा. बायकी म्हणतील मित्र. म्हणू दे, त्यांना दिसलंच नाही पाहिजे ना. प्रबळचं बाजूला उघडणारं सिलिंडर मलाही भुरळ घालतं, आणि ते घेतलंस तर मी रागावणार नाही, फक्त मग जाड पट्ट्याला नाही म्हणू नको. दुकानदाराला रिकाम्या शस्त्राचा चाप ओढून बघू दे म्हण. माझ्या वेळी दुकानदाराने काचेवरूनच दाखवलं, पट्ट्यात खोचून बघू दिलं नाही, आणि मीही भिडेखातर गप्प बसलो. घरी आल्यावर कळलं की चाप ओढताना नळी बोटभर खाली जाते. तू भीड धरू नको.

रोकड हल्ली अर्ध्यावर आली आहे, सगळे फोननेच पैसे देतात, हे तूच सांगितलंस. बँकेत जायची वेळ रोज बदलत जा, त्याने रिव्हॉल्व्हरपेक्षा जास्त काम होईल. पण घ्यायचं ठरवलंसच आहेस, तर लायसन्सवरची खरेदीची मुदत बघून घे आणि घेतल्यावर नोंदीला उशीर करू नको.

गुरुवारी ये. येताना तुझे रोजचे दोन शर्ट आणि ती पंपावरची ढगळ पँट आण. माझं रिकामं करून तुझ्या कंबरेला लावू, आरशासमोर वाकायचं, स्कूटरवर बसायचं, वरच्या फळीवरचा डबा काढायचा. वहिनींना सांग, सकाळचा नाश्ता इकडेच, तर्री पोहे मागवतो.

तुझा,
वसंता

ता. क. पट्टा विकत घेऊ नको. माझा जुना आहे, दोन भोकं पुढे पाडावी लागतील. मधल्या काळात मी बारीक झालो नाही, तू जाड झालास.