आमच्या गिझरचा पॉवर प्लग

रामबाग, इंदूर
16 जानेवारी

प्रिय भिया,

(आपलं इंदुरी 'भैया'. पुण्यात तुला कोणी अशी हाक मारत नसणार, म्हणून मुद्दाम.)

परवा फोनवर म्हणालास, आवाज का बसलाय? ऐन संक्रांतीच्या थंडीत तीन दिवस गार पाण्यानं आंघोळ केली, म्हणून. आणि गार पाण्याचं कारण एक प्लग.

तुला आमचं न्हाणीघर माहीतच आहे. दाराबाहेर तो जुना बोर्ड, त्यात गिझरचा पॉवर प्लग. गेल्या आठवड्यात गिझरचा लाल दिवा मिणमिणायला लागला. मला वाटलं, गिझरच गेला, दुरुस्तीला टाकून येऊ. बटण बंद केलं, प्लग ओढला, तर हलेना! डावी-उजवीकडे हलवून पाहिलं, एक पाय भिंतीला लावून ओढलं (हसू नकोस), तरी ढिम्म. मग पक्कड आणायला वळलो आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, आधी मेन तरी बंद कर!" मी म्हटलं, बटण बंद आहे ना. तिचं माझं यावर पाचेक मिनिटं वाजलं. शेवटी मेन बंद केला, पण तिचं पटलं म्हणून नव्हे. वायरमनच्या चार चकरांचे पैसे वाचवायच्या नादात घर फोडशील, असं ती म्हणाली म्हणून.

संध्याकाळी वायरमन आला. त्यानं बघितलं आणि पहिलं वाक्य, "भाईसाब, ताकत मत लगाओ, ये चिपक गया है." मेन बंद होताच, तरी त्यानं टेस्टर आधी बाजूच्या जिन्याच्या चालू लाईनवर लावून पाहिला, तो पेटतो का ते. मग आमच्या बोर्डावर. पेटला नाही, तेव्हाच स्क्रू खोलले. प्लग त्यानं ओढलाच नाही. प्लेट काढली, मागच्या वायरी सोडवल्या आणि सॉकेट-प्लग दोन्ही जोडीनंच बाहेर काढले, सासर-माहेर एकत्र. हातात घेऊन बघितलं तर फेजच्या (जिवंत तारेच्या) पिनेभोवतीचं प्लास्टिक वितळून भोकात ओतल्यासारखं झालेलं, पितळ काळं-निळं, आणि वायरीचं टोक असं कडक की वाकवल्यावर वरचं आवरण पापुद्र्यासारखं सुटलं. त्यानं चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापत आणली.

मी बसल्या बसल्या हिशेब केला. आपला गिझर 2000 वॉटचा, 230 व्होल्टला साधारण 8.7 अँपिअर ओढतो. सॉकेटमधली पितळी पट्टी सैल झाली आणि तिथे नुसता अर्धा ओहम अडथळा आला, तरी त्या एका ठिकाणी 38 वॉटची उष्णता होते. म्हणजे तुझं ते सोल्डरिंग आयर्न आपण रोज सकाळी प्लगात घालून ठेवत होतो! आणि एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला आपोआप पडणारा खटका, का पडला नाही? कारण करंट वाढलेलाच नव्हता. त्याला जास्तीचा करंट कळतो, एका जागी साचलेली ऊब कळत नाही.

खरी गंमत पुढे. वायरी जोडताना तो थांबला. म्हणाला, बटण न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर आहे, फेज सरळ सॉकेटात. म्हणजे भिया, बटण बंद असताना मी ज्याला पाय लावून झटत होतो, त्यात फेज जिवंतच होता. आईला अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

महाराणी रोडवरून मी स्वतः नवा 16 अँपिअरचा सॉकेट आणि प्लग आणला. दुकानदार त्याला अजूनही "पंधरा का" (15 अँपिअरचा) असंच म्हणतो. सॉकेट नवा आणि प्लग जुना, अशी काटकसर वायरमननं करू दिली नाही. जळकी पिन नव्या पट्टीलाही तापवते म्हणाला. आता आंघोळीनंतर मी प्लगला उलटा हात लावून बघतो. कोमट लागला तरी ठीक नाही, असं तो सांगून गेलाय. तूही एकदा बघ.

आणि वास. दिवाळीपासून न्हाणीघरापाशी मासळीसारखा वास यायचा. आमच्या घरात मासळी कुठली? आईनं संशय वरच्या नव्या भाडेकरूंवर घेतला आणि दोन महिने जिन्यात भेटल्यावर तोंड फिरवलं. ते प्लास्टिक तापलं की अगदी तसाच वास येतो, हे वायरमननं हातातला गोळा तिच्या नाकाशी धरून दाखवलं. वरची माणसं लसूणसुद्धा खात नाहीत, हे नंतर कळलं.

संक्रांतीला आई स्वतः वर जाऊन तिळगूळ देऊन आली. काय बोलली, ते मला सांगत नाही. पण डबा मोठा नेला होता.

तुझाच,
रामबागेतला